एसीचा हप्ता आणि बिलाचा टप्पा

मार्च सरत आला की मीरा रोडच्या इमारतींना बाहेरून खोके फुटू लागतात. दोराला लटकलेला एक मुलगा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर भिंतीला भोके पाडत असतो, त्याचा जोडीदार खाली उभा राहून ओरडत असतो, आणि मगरिबच्या अजानपर्यंत आणखी एका खिडकीखाली एसीचा डबा बसलेला असतो. आमच्या समोरच्या विंगला गेल्या वर्षी असे अकरा डबे होते. यंदा एकोणीस आहेत. मोजण्याची ही सवय शिक्षकी पेशाची, तिला इलाज नाही.

एसी घेणाऱ्यांना नावे ठेवावीत म्हणून मी हे लिहीत नाही. उन्हाळा पूर्वीचा राहिलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. घरात म्हातारी सासू असेल, तान्हे बाळ असेल, खोली शेवटच्या मजल्यावर तापलेल्या गच्चीखाली असेल, तर एसीला चैन कोण म्हणेल? पण दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. एसी काही थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळतो. बाहेर म्हणजे कुठे? आमच्या भागात दोन इमारतींमध्ये इतकेच अंतर असते की समोरच्या घरातल्या कढईत काय आहे ते वासावरून कळावे. तेव्हा बाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत. ज्याची एसी घेण्याची ऐपत नाही, त्याने आपल्या एसीचीही गरमी सोसायची.

शेजाऱ्याच्या हक्कावर आपल्याकडे केवढे बयान होतात! हजरत जिब्रईल (अ.) शेजाऱ्याबद्दल इतकी ताकीद देत राहिले की त्याला वारशातही हिस्सा मिळेल की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस लहान मुलांनाही माहीत असते. पण डब्याचे तोंड कुठे करायचे, पाण्याची नळी कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकेल, हे त्या दोराला लटकलेल्या मुलाला घरातले कुणी सांगत नाही. मशिदीतून बाहेर पडताना हदीस चपलांच्या कप्प्यातच राहून जाते की काय, न कळे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आठवीच्या मुलांना व्यवहारातली मराठी कळावी म्हणून मागे एकदा सगळ्यांना घरचे विजेचे बिल आणायला सांगितले. धड्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हे शब्द वाचताना मुलांच्या जिभा अडखळल्या. मग मी म्हटले, घाबरू नका, या कागदावर तुमच्या ओळखीचेही बरेच जण बसलेले आहेत. रक्कम, तारीख, मुदत, बाकी हे सगळे आपल्या उर्दूच्या घरातून मराठीत नांदायला आलेले. मुलांना मजा वाटली. हप्ताही तसाच. फारसीत हफ्ता म्हणजे आठवडा, मराठीत तो कर्ज फेडण्याचा भाग झाला, आणि मुंबईत आणखी काय झाला ते सिनेमा पाहणाऱ्यांना सांगायला नको. कर्ज, हप्ता, जप्ती हे तिन्ही शब्द आपल्याकडचे. व्याज तेवढे संस्कृतातून आले. निदान एका बाबतीत तरी आपण सुटलो!

बिलातला टप्प्यांचा भाग मात्र मुलांनाच काय, त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हता. आपल्या राज्यात घरगुती विजेचे चार टप्पे असतात. पहिली १०० युनिटे, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याला दर चढतो. पुष्कळांना वाटते की एक युनिट जास्त झाले की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो. तसे नाही. वरच्या टप्प्यात जेवढी युनिटे जातात तेवढ्यांनाच तो दर. पण एसी नेमका त्याच जागी बसतो. घरातले दिवे, पंखे, फ्रिज, धुलाईयंत्र मिळून महिन्याला १८० युनिटे जात असतील, तर एसीची वीज त्या १८० च्या डोक्यावर चढते. दीड टनाचा साधा एसी रात्री आठ तास चालला तर साधारण आठ युनिटे धरा. महिन्याची झाली २४०. म्हणजे घर थेट ४२० वर गेले, आणि एसीची निम्मी वीज तिसऱ्या टप्प्याच्या महाग दराने आली. वर वीज शुल्क आहेच, घरगुती ग्राहकाला ते सोळा टक्के. मुलांनी फळ्यावर हा हिशेब मांडला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, तरीच अब्बा एप्रिलमध्ये घरात बोलत नाहीत.’’ सगळा वर्ग हसला. तीही हसली.

हे फक्त बिलाचे झाले. एसी घरी येतो कसा ते त्याच्या आधीचे. रोख पैसे मोजून एसी आणणारी घरे आता थोडीच. ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी वाचली की आपल्या बायकांना, आणि पुरुषांनाही, मोठा दिलासा मिळतो. व्याज नाही म्हणजे सूद नाही, सूद नाही म्हणजे गुनाह नाही. इतके सोपे असते तर काय हवे होते! रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजी बँकांना परिपत्रक काढून बजावले होते की क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांमध्ये व्याज नसते असे नाही, ते प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली झाकलेले असते, आणि शून्य व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. त्यानंतर पाटीवरचे शब्द बदलले. आता बहुतेक ठिकाणी बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम सवलत म्हणून किमतीतून वजा करते. बँकेच्या कागदावर व्याज व्याजाच्याच नावाने छापलेले असते आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी आपल्याकडून वसूल होतो. रोख घेणाऱ्याने घासाघीस केली असती तर तीच सवलत कदाचित त्याच्या खिशात पडली असती.

मी काही आलिमा नाही. ठरलेली एकच किंमत हप्त्याहप्त्याने देणे बहुतेक उलमांनी जायज मानले आहे; अट अशी की किंमत सौदा करतानाच पक्की व्हावी आणि उशीर झाला म्हणून ती वाढू नये. पण सौदा दुकानदाराशी आहे की मध्ये सावकार बसला आहे, हे कागद वाचल्याशिवाय कळणार कसे? आपण निकाहनामा वाचत नाही, हप्त्याचा करार काय वाचणार. मोबाइलवर बोट ठेवले, चार आकडे आले, ते सांगितले, झाले. तो करार घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा आणि विचारा, एवढेच मी म्हणेन. गोश्त हलाल आहे का हे तर आपण तीन तीन वेळा विचारतो.

एक आई मध्यंतरी शाळेत आली होती. मुलगी नववीत, हुशार, गणितात थोडी कच्ची. आई म्हणाली, क्लास बंद केला आहे, जूनमध्ये बघू. वडील रिक्षा चालवतात. बोलता बोलता कळले की घरात तीन हप्ते चालू आहेत. एक एसीचा, एक मोठ्या मुलाच्या मोबाइलचा, आणि एक मोठ्या मुलीच्या लग्नात दिलेल्या फ्रिजचा. तो फ्रिज आता मुलीच्या सासरी थंडगार उभा आहे आणि त्याचे पैसे इथून जातात. त्या बाईला मी काय शहाणपण शिकवणार? तिचा हिशेब तिच्या दृष्टीने बरोबर होता. महिन्याच्या पाच तारखेला हप्ते खात्यातून आपोआप कापले जातात. चुकले तर दंड, फोनवर फोन, अपमान. क्लासची फी आपोआप कापली जात नाही. क्लासचे सर समजून घेतात. म्हणून जो समजून घेतो त्याचे पैसे थांबतात, आणि सगळ्यांत जास्त समजून घेते ती त्या घरातली नववीतली मुलगी. तिने क्लास सुटल्याबद्दल माझ्याकडे एकदाही तक्रार केलेली नाही.

फ्रिजचा विषय निघालाच आहे तर. जहेजची यादी आता कुणी कागदावर लिहीत नाही. ‘‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला जे द्यायचे ते द्या,’’ असे गोड बोलून पुढे सांगतात, ‘‘फक्त खोली जरा गरम होते.’’ खोली गरम होते याचा अर्थ मुलीच्या बापाने समजून घ्यायचा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तो एवढा म्हातारा झाला तरी आपल्या हॉलमध्ये त्याला कुणी ओळखत नाही. निकाह सोपा करा म्हणणारेही वलीम्याच्या स्टेजला फुलांनी मढवतात आणि वर दोन टॉवर एसी उभे करतात. मांडवाला चारी बाजू उघड्या, आणि मध्ये एसी! आभाळ थंड करायला निघालेली ही माणसे पाहिली की हसावे की रडावे कळत नाही.

ही हौस येते कुठून? आमच्या लहानपणी दूरदर्शनवर सर्फची ललिताजी होती. कविता चौधरी यांनी ती साकारली, पुढे १९८९ मध्ये ‘उडान’ मालिकाही केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गेल्या. ललिताजीही शेवटी वस्तू विकायलाच आली होती, स्वस्त निरमापुढे महाग सर्फ टिकवायला. पण ती विकताना घासाघीस करायची, टोमॅटो निवडून घ्यायची, स्वस्त आणि फायद्याचे यांतला फरक सांगायची. गिऱ्हाइकाला डोके आहे असे निदान त्या जाहिरातीला मान्य होते. आता मुली मोबाइलवर पाहतात त्यात कुणी काही निवडतच नाही. एक मुलगी एकामागून एक पाकिटे फोडते, त्यातून अबाये निघतात, हिजाबांच्या पिना निघतात, आणि ती सगळे छान आहे म्हणते. आता तर रमजानचेही तसेच झाले. इफ्तारचा दस्तरखान आधी कॅमेऱ्याला दाखवायचा, मग रोजा सोडायचा. पोशाख पूर्ण शरई, डोके पूर्ण झाकलेले, आणि खाली खरेदीची लिंक. हया पोशाखात राहिली, खर्चात उरली नाही. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची जी ओळख सांगितली आहे, त्यात ते खर्च करताना उधळत नाहीत आणि हात आखडूनही घेत नाहीत, मधल्या मार्गाने जातात, हेही आहे. आपण ती सूरह तिलावतीत वाचतो, खरेदीच्या दिवशी आठवत नाही.

विजेचे आणखी एक आहे. ती दिसत नाही. आजोळी कंदिलात रॉकेल किती उरले ते काचेतून दिसायचे, म्हणून नानी वात खाली करायची. बटणाला असे काही दिसत नाही. मीरा-भाईंदरची वीज मुंबईच्या उपनगरांच्या जाळ्यातूनच येते. आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी. बिलावरचे नाव बदलत गेले. या जाळ्याला वीज देणारे डहाणूचे औष्णिक केंद्र ५०० मेगावॅटचे, कोळशावर चालणारे. आपल्या स्टेशनावरून डहाणू रोडची गाडी जाते, त्याच मार्गाने वर गेले की ते गाव. चिकूच्या बागांचे. हे केंद्र उभे राहत होते तेव्हा तिथली माणसे बागांच्या काळजीने सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. आता तारांत सौर आणि पवन वीजही मिसळते, पण कोळसा सुटलेला नाही. कोळशाची एक युनिट वीज म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा. वरच्या हिशेबातली एसीची २४० युनिटे सगळी कोळशाची धरली तर महिन्याला दीडशे किलोच्या आसपास. एवढी पोती कुणी आपल्या दारात आणून टाकली असती तर रात्री रिमोट जरा विचार करून दाबला असता. प्रेषितांनी (स.) झोपताना दिवे विझवायला सांगितले, उंदराने वात ओढून घराला आग लावू नये हे कारण हदीसमध्येच आले आहे. काळजी घराची होती. आमच्याकडे झोपताना टीव्हीचा लाल दिवा, सेट टॉप बॉक्सचा हिरवा, वायफायचा निळा आणि रिकाम्या खोलीतला पंखा चालूच असतो.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. शाळा तेव्हा मोबाइलवर भरत होत्या. अर्ध्या वाक्यात वर्ग बंद. आमच्या मजल्यावरची सगळी दारे उघडली, आणि समोरच्या घरात किती माणसे राहतात हे काहींना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

मग करायचे काय? बायका मला हेच विचारतात. पंख्यापासून सुरुवात करा. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. बारा तास चालणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला जवळपास ५० युनिटे वाचतात. जहेजमध्ये हे पंखे कुणी मागितल्याचे मी अजून ऐकलेले नाही. एसी असेलच तर चोवीसवर ठेवा. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच चोवीसवर लावून येतात, ते आपण घरी आणून अठरावर नेतो आणि मग रजई पांघरतो! एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरोचे म्हणणे आहे.

किराण्याच्या बाबतीत मला मुंबई ग्राहक पंचायतीचा मार्ग आवडतो. १९७५ पासून चाललेले काम आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ होतो, महिन्याची मागणी एकदाच भरायची, घाऊक खरेदीचे सामान एका घरी येते आणि सगळ्या मिळून वाटून घेतात. काय लागणार ते महिनाभर आधी ठरवावे लागते, हीच त्यातली खरी बचत. दहा मिनिटांत कोथिंबीर मागवणाऱ्या घरात कुणी काही ठरवतच नाही. आणि ती कोथिंबीर घेऊन भर दुपारी मोटरसायकल पळवणारा मुलगा पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला, कालपरवापर्यंत माझ्या वर्गात बसलेला असतो. आपल्या इमारतींत असे संघ का नसावेत? भिशी तर आपण बिनचूक चालवतो, एक पै इकडची तिकडे होत नाही. रमजानच्या आधी खजूर, बेसन, तेल, रूहअफजा एकत्र आणायला दहा घरे जमणे काही कठीण नाही.

सोसायटीच्या गच्चीचेही बोलायला हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सूर्यघर योजना आणली. तिच्यात हाउसिंग सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सौर पॅनेल बसवायला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाचे बिल मेंटेनन्समधून सगळेच भरतात, एसीवालेही आणि पंखेवालेही, म्हणून यात सगळ्यांचा फायदा सारखा. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय दोनदा निघाला. पहिल्या वेळी गच्चीवर डिश कुणाची आणि टाकी कुणाची यावर भांडण झाले, दुसऱ्या वेळी कोरमच भरला नाही. तिसरी सभा शव्वालमध्ये आहे. त्या सभेला बायकांनी जायचे असे आम्ही चौघींनी ठरवले आहे, आणि जाताना मागच्या बारा महिन्यांची लिफ्टची बिले घेऊन जाणार आहोत. टप्प्यांचा हिशेब मांडायला आठवीतली दोन मुलेही तयार आहेत.